पारंपरिक ब्लूग्रास ऐकताना कान नेमका कुठे द्यायचा?

चौसर
ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं बँजो-मँडोलिन-गिटारवरचं लोकवळणाचं संगीत. त्याचा मूळपुरुष बिल मन्रो आणि त्याचा ताफा ब्लू ग्रास बॉइज यांच्या १९४६-४७ च्या तबकड्या, मग लेस्टर फ्लॅट (गिटार) आणि अर्ल स्क्रग्ज (बँजो), मग स्टॅनली बंधू, अशा क्रमाने ऐकणं चालू आहे. रागसंगीताची सवय असलेल्या कानाला अडचण अशी येते की सगळं एकदम अंगावर येतं. बँजो क्षणभर थांबत नाही, मँडोलिन मागे टक् टक् करत राहतं, गायक चढ्या पट्टीत, आणि तीन मिनिटांत गाणं आटोपतं. आलाप नाही, बढत नाही. तरी काहीतरी पकडून ठेवतं.
जाणकारांनी सांगावं: पहिल्यांदा कशाकडे लक्ष द्यायचं? कोणत्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करावी? आणि यात 'पारंपरिक' म्हणजे नक्की कुठपर्यंत?

खर्जातला_षड्ज
बँजोकडे सगळेच बघतात. पहिल्या दहा वेळा बँजो ऐकूच नका, बास ऐका. उभा, बोटांनी छेडलेला डबल बास. चार मात्रांच्या मापात तो पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वाजतो, बहुतेक वेळा सा आणि मंद्र प, बस्स. मधल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा 'चॉप' पडतो. ड्रम नाहीत, कारण ड्रमचं काम हे दोघं वाटून घेतात: बास म्हणजे डग्गा, चॉप म्हणजे चाट.
चॉप म्हणजे नुसता झणत्कार नव्हे. जी मेजर या स्वरमेळाचा नेहमीचा चॉप असा: सर्वांत जाड जोडतारेवर सातवा पडदा, पुढच्या जोडीवर पाचवा, मग दुसरा, मग तिसरा. चारही बोटं ताणलेली, एकही तार मोकळी नाही. पिक (नखी) तारांवरून गेला रे गेला की डाव्या हाताची पकड सैल करायची, म्हणजे स्वर जागीच मिटतो. बोटं पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा गुंजत राहतात आणि चॉपची धार जाते. पकड उशिरा सोडली तर चॉप लोळतो आणि सगळा ताफा जड वाटायला लागतो. एका गाण्यात एवढंच ऐका. मग त्याच्यावर बँजो का नाचू शकतो ते आपोआप कळतं.

गिरगाव_४
भाबडा प्रश्न. बँजो म्हणजे आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजोच ना?

तंतकार
@गिरगाव_४, भाबडा अजिबात नाही, ही गल्लत महाराष्ट्रात कायम होते. मिरवणुकीतला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचं विजेवर चालणारं रूप, त्याचं मूळ जपानी ताइशोगोटो. त्याला टाइपरायटरसारख्या कळा असतात. अमेरिकी बँजो म्हणजे गोल कड्यावर ढोलासारखा ताणलेला पडदा (मानेवरचे स्वरांचे पडदे वेगळे), त्यावर लाकडी ब्रिज (घोडी), आणि लांब मान. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांतून तो घडला. ब्लूग्रासमध्ये पाच तारांचा लागतो. पाचवी तार आखूड, तिची खुंटी मानेच्या बाजूला, पाचव्या पडद्याजवळ. जुळणी जी मेजरच्या स्वरांची, तारा उघड्या छेडल्या तरी मेजर वाजतो.
आता धाग्याच्या विषयाकडे. अर्ल स्क्रग्ज डिसेंबर १९४५ मध्ये मन्रोकडे आला आणि या संगीताचा चेहरा ठरला. तीन बोटांनी वाजवणारे त्याच्या आधी उत्तर कॅरोलायनात होतेच, उदाहरणार्थ स्नफी जेन्किन्स. स्क्रग्जने त्या पद्धतीला अखंड धार दिली. अंगठ्याला प्लास्टिकची नखी, तर्जनी आणि मध्यमेला धातूच्या. एका मापात आठ स्वर. 'फॉरवर्ड रोल' म्हणजे अंगठा-तर्जनी-मध्यमा, पुन्हा अंगठा-तर्जनी-मध्यमा, आणि उरलेले दोन. म्हणजे ३+३+२. केहरव्याच्या आठ मात्रा हातावर धरून हे म्हणून बघा, वजन कुठे पडतं ते लगेच कळेल. बास आणि चॉप सरळ चालतात, बँजो त्यांच्यावर तिरका चालतो. पकडून ठेवणारं जे 'काहीतरी' चौसर म्हणतात, त्यातलं निम्मं इथे आहे.
आणि रोल हा ठेका नाही, सुरावट त्याच्या आत लपलेली असते. शिकाऊ वादक आठही स्वर सारख्याच जोराने वाजवतो, मग ऐकणाऱ्याला नुसता पाऊस ऐकू येतो. स्क्रग्ज ऐकताना गाण्याचे शब्द मनात म्हणा. शब्दाचा स्वर येतो तिथे अंगठा जड पडतो, बाकीचे स्वर मागे सरतात.

अनाहत
+१. तीच गोष्ट जवळून बघायची तर 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन', डिसेंबर १९४९ चं मूळ ध्वनिमुद्रण. सुरुवातीलाच दुसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर बोट आपटतं आणि लगेच पहिली तार उघडी वाजते. दोन्हींचा स्वर एकच, पंचम, पण एक आपटून आलेला आणि एक मोकळा. या घासण्याने तो तुकडा ठिणगीसारखा उडतो.
पुढे आणखी एक गंमत. बँजो ई मायनर वाजवतो आणि फ्लॅटची गिटार त्याच जागी ई मेजर. जी ला सा धरलात तर एकाच क्षणी सा आणि कोमल रिषभ! पुस्तकी नियमाने चूक, कानाला मात्र खरखरीत गोड. नंतरचे अनेक वादक हे 'दुरुस्त' करून वाजवतात आणि तो तिखटपणा जातो.

सुरंगी
वाद्यांवर सगळे तुटून पडलेत, गळ्याबद्दलही बोलूया.
मन्रो बी फ्लॅट आणि बी मध्ये सर्रास गायचा. आपल्या हिशेबाने काळी पाच, पांढरी सात. पुरुषाचा गळा तिथे तारेत गेला की आरामात राहत नाही, आणि तो ताणच इथे हवा असतो. आवाज गोल करायचा नाही, कंप द्यायचा नाही, स्वरावर सरळ जाऊन थांबायचं.
मग येतात सोबतीचे आवाज. मधला मुख्य, त्याच्या वर 'टेनर', खाली 'बॅरिटोन'. मुख्य गायक सा वर असेल तर टेनर वरच्या ग वर आणि बॅरिटोन खालच्या प वर. मुख्य गायक ग वर गेला की टेनर प वर सरकतो, बॅरिटोन सा वर. बॅरिटोनची ओळ एकटी ऐकली तर विचित्र वाटते, दोन स्वरांवर अडून बसते, मधेच उडी मारते, कारण त्याला उरलेला स्वर भरायचा असतो. तिघांपैकी सगळ्यात अवघड काम त्याचं, आणि दाद सगळ्यात कमी.
एक चाचणी. स्टॅनली बंधूंची कोलंबिया कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं घ्या, 'द लोन्सम रिव्हर' विशेषतः. कार्टरचा मुख्य आवाज, राल्फचा टेनर, आणि पी वी लॅम्बर्ट बॅरिटोनची ओळ एक सप्तक वर उचलून टेनरच्याही डोक्यावर गातो. मुख्य सूर तळाशी, दोन आवाज वर. ऑस्बोर्न बंधूंनी १९५८ मध्ये 'वन्स मोअर'मध्ये उलट केलं: बॉबीचा मुख्य सूरच सर्वांत वर, बाकीचे दोघे त्याच्या खाली. ही दोन गाणी लागोपाठ ऐकली की रचनेतला फरक कान स्वतःच सांगतो.

जुनी_तबकडी
चौसर यांच्या तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही.
'पारंपरिक' म्हणजे ड्रमशिवाय, विजेशिवाय, पाच वाद्यं (बँजो, मँडोलिन, गिटार, बास आणि फिडल म्हणजे व्हायोलिन), अशी व्याख्या सगळीकडे वाचायला मिळते. ती जरा सैल धरा. खुद्द मन्रोच्या फेब्रुवारी १९४५ च्या ध्वनिमुद्रणांत सॅली अ‍ॅन फॉरेस्टर अ‍ॅकॉर्डियन वाजवते. डोब्रो, म्हणजे आडवी धरून तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवायची गिटार, या ताफ्यात आला १९५५ मध्ये, जॉश ग्रेव्हज फ्लॅट-स्क्रग्जकडे गेला तेव्हा. जिमी मार्टिनच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत स्नेअर ड्रम आहे, आणि त्याला अपारंपरिक म्हणायची हिंमत कोणी करणार नाही. 'ब्लू मून ऑफ केंटकी' १९४६ मध्ये संथ, तीन मात्रांचं. जुलै १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीने ते चार मात्रांत उडवलं. त्याच वर्षी मन्रोने स्वतः पुन्हा ध्वनिमुद्रित केलं: सुरुवात तीन मात्रांत, मग चारमध्ये झेप. परंपरेचा मूळपुरुषच असा हलता होता.

तंतकार
जुनी_तबकडी, तपशील सगळे मान्य, निष्कर्ष नाही. अ‍ॅकॉर्डियन टिकलं नाही, ते का हे बघा. ते स्वर धरून ठेवतं. चॉप आणि रोल या दोन्हींना मधे रिकामी जागा लागते, ती जागाच ते भरून टाकतं. फिडलही स्वर धरतं, पण फिडलवाला गज उचलून गप्प राहू शकतो. डोब्रो टिकला, कारण ग्रेव्हजने तो स्क्रग्जच्या रोलसारखा वाजवला. म्हणजे सीमा वाद्याची नाही, जागा सोडण्याची आहे. या कसोटीवर मार्टिनचा स्नेअर चालतो, तो चॉपच्याच जागेवर हलका पडतो. सगळं भरून काढणारा पूर्ण ड्रमसेट नाही चालत.

जुनी_तबकडी
ही कसोटी वाद्यांच्या यादीपेक्षा बरी आहे. घेतली.

खर्जातला_षड्ज
जागा सोडण्यावरून एक. जुन्या पद्धतीत सगळा ताफा एकाच मायक्रोफोनभोवती उभा राहतो. ज्याचा 'ब्रेक', म्हणजे एकट्याने सूर वाजवण्याची पाळी, तो पुढे येतो, संपला की बाजूला सरकतो, दुसरा त्या जागी. आवाजाचा समतोल पायांनी साधायचा. नव्वदच्या दशकात डेल मकूरीच्या ताफ्याने ही पद्धत पुन्हा रूढ केली. चलचित्रण मिळालं तर आवाज बंद करून एकदा नुसत्या हालचाली बघा. गिटारची मान खाली जाते, फिडलचा गज वर, कोणी कोणाला धडकत नाही. मग आवाज सुरू करा.
आणि फ्लॅटची गिटार सोडू नका. ओळ संपते तिथे तो 'जी रन' टाकतो: सा, रे, कोमल ग, शुद्ध ग, प, ध, वरचा सा. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर चढणं हा त्याचा प्राण. आपल्या बंदिशीत तिहाईने समेवर येतात, तसं हे वाक्य पूर्णविराम देतं. गायकाला श्वास मिळतो आणि पुढच्या वादकाला कळतं की आता आपण.

लाकूडकाम
वाद्यांच्या बांधणीबद्दल लिहितो, कारण बँजोचा आवाज बराचसा स्क्रूवर अवलंबून असतो.
नेहमीच्या बँजोचा ताणलेला पडदा ११ इंच व्यासाचा, कड्याभोवती तो ताणून धरणारे सहसा २४ आकडे (हुक), प्रत्येकाला एक नट. ब्रिज काढून कडेला टिचकी मारली तर जी ते जी शार्पच्या आसपास स्वर यावा. खाली असेल तर आवाज घुमतो, ढोलकट होतो, ब्रिज खचतो आणि तारा मानेवरच्या पडद्यांवर टेकायला लागतात. फार वर गेलात तर आवाज पातळ, टिनपाट, आणि एखाद्या दिवशी पडदा फाटतो. घट्ट करताना एक नट, मग समोरचा, प्रत्येकी अष्टमांश फेरा, एवढंच. एकाच बाजूने गोल फिरत गेलात तर वरचं कडं तिरपं बसतं आणि मग कितीही जुळवा, आवाज येत नाही.
ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबाने उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो पडणारच. म्हणून तारा एकेक करून बदलायच्या. जागा तपासायची ती मानेवरच्या बाराव्या पडद्यावर: तिथला नुसता स्पर्शाचा स्वर आणि दाबून वाजवलेला स्वर एक आले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर ब्रिज मानेपासून दूर सरकवा, उतरा असेल तर जवळ आणा. केसभर हलवला तरी फरक पडतो.
आत कड्यावर पितळी टोन रिंग असते, तीच सव्वा ते दीड किलोची. बँजो हातात घेतल्यावर जड लागतो तो तिच्यामुळे.

गिरगाव_४
पडदा कातडी असतो का? मग पावसाळ्यात तबल्याच्या पुडीसारखाच उतरत असेल.

लाकूडकाम
आता प्लास्टिकचा असतो, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटापासून. त्याआधी वासराचं कातडं, आणि तुमचा अंदाज बरोबर. दमट हवेत ते सैल पडायचं, कोरड्या हवेत ताणून चढायचं. १९४६ चा स्क्रग्ज आणि १९६२ चा स्क्रग्ज यांच्या आवाजात जो फरक ऐकू येतो, त्याला ध्वनिमुद्रणतंत्राइतकाच पडदाही कारण आहे. जुना आवाज किंचित मऊ, लाकडी, स्वर लवकर विरणारा. आजही काही वादक त्या आवाजासाठी कातडं चढवतात आणि हवामानाशी रोज भांडतात.
कोकणपट्टीत खरा त्रास पडद्याला नाही, तारांना आणि आकड्यांना होतो. लोखंड गंजतं. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तार वरून आणि खालून पुसायची. खालची बाजू लोक विसरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

अनाहत
अवांतर, पण राहवत नाही. स्क्रग्जचा प्रसिद्ध बँजो, गिब्सन कंपनीचा ग्रॅनाडा, आधी स्नफी जेन्किन्सकडे होता, त्याच्याकडून डॉन रीनोकडे गेला, आणि रीनो व स्क्रग्ज यांनी आपापले बँजो अदलाबदल करून घेतले. तिघेही तीन बोटांच्या पद्धतीतले दिग्गज. एकाच वाद्यावर तीन हात!

सुरंगी
नावं घेतोच आहोत तर दोन राहू नयेत. अर्नल्ड शुल्ट्झ, केंटकीतला कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक. रोझिन या आपल्या गावाच्या पंचक्रोशीत मन्रो पोरवयात त्याच्याबरोबर नाचगाण्यांना साथ करायचा, आणि मन्रोच्या संगीतातला ब्लूज तिथून आला हे मन्रो स्वतः सांगायचा. शुल्ट्झचं एकही ध्वनिमुद्रण नाही, म्हणून त्याचं नाव मागे पडतं. पडू नये.
दुसरी हेझल डिकन्स. पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या भागातली. अ‍ॅलिस जेरार्डबरोबर तिने साठच्या दशकात जे गायलं, ते पुरुषांच्या गळ्यांसाठी घडलेल्या साच्यात दोन बायकांनी उभं राहून गायलं. डिकन्सचा आवाज सुरेल गोड नाही, कातळासारखा आहे. तो 'सुधारलेला' ऐकायची इच्छा झाली तर पुन्हा ऐका.

दूरदेशी
उत्तर कॅरोलायनाहून लिहितोय. इथे, किंवा जिथे हे वाजतं तिथे कुठेही, उत्सवाला जाणार असाल तर रंगमंचापेक्षा वाहनतळावर वेळ घालवा. अनेक दिवसांचा पहिला ब्लूग्रास उत्सव १९६५ मध्ये व्हर्जिनियात फिनकॅसलला भरला, तेव्हापासून तंबूंच्या मधली वाजवणाऱ्यांची कोंडाळी हा उत्सवाचा अर्धा भाग आहे.
कोंडाळ्याचे नियम ठरलेले आहेत, पाटी मात्र कुठे नसते. गाणं जो सुचवतो तो पट्टी सांगतो आणि सुरुवात कोण करणार तेही. ब्रेक गोलात एका दिशेने फिरतो. नको असेल तर मान हलवायची, पाळी पुढे जाते. कोणी गात असताना बाकीच्यांनी इतकं हळू वाजवायचं की शब्द ऐकू यावेत. शब्द ऐकू येत नसतील तर तुमचं वाद्य मोठं आहे. शेवटच्या कडव्यात म्होरक्या पाय उचलतो, म्हणजे समेवर थांबायचं. फिडलच्या धुनांची सुरुवात फिडलवाला गजाने चार ठोके देऊन करतो, त्यांना 'बटाटे' म्हणतात. लय तिथेच पकडायची.
सगळ्यात जास्त बिघडतं ते लयीमुळे. ती चढते. बँजोवाला मात्रेच्या किंचित पुढच्या कडेवर वाजवतो, त्यातून ओढ तयार होते, आणि नवखा बासवाला ती ओढ म्हणजे 'घाई कर' असं समजून मागे धावतो. कडेवर वाजवणं वेगळं, लय वाढवणं वेगळं. सरावाला मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावा, म्हणजे तो चॉप झाला आणि बास तुम्ही भरायचा. दोन मिनिटं हे टिकलं तर कोंडाळ्यात बसा.

अनाहत
'अ‍ॅज वी स्पीक' हा २०२३ चा अल्बम इथे बसतो का? झाकीर हुसेन, राकेश चौरसिया, बेला फ्लेक (बँजो), एडगर मायर. बँजो तर आहे.

तंतकार
सुंदर अल्बम, ब्लूग्रास नाही, आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही. पण फ्लेकचा उजवा हात ऐका, त्यात स्क्रग्ज आहे. तबल्याच्या बोलांना तो रोलने उत्तर देतो, तिथे ३+३+२ सरळ सापडतं. तिथून मागे स्क्रग्जकडे यायचा रस्ता मराठी कानाला सोपा जाईल, हे मात्र खरं.

चौसर
सगळ्यांचे आभार, गेला आठवडा या धाग्याप्रमाणे ऐकलं. खर्जातला_षड्ज म्हणतात तसं आधी नुसता बास, मग चॉप, बँजो सगळ्यात शेवटी. 'सगळं एकदम' वाटत होतं ते एकदम नसतंच. गायक ओळ घेतो तेव्हा बँजो वरच्या पडद्यांवर जाऊन दबकतो, ओळ संपली की उसळतो. फिडलचा ब्रेक असताना मँडोलिन काही केल्या हलत नाही. आणि मँडोलिनचा ब्रेक आला की चॉप कोणीतरी उचलतं. ते फिडल असतं ना?

खर्जातला_षड्ज
फिडल किंवा बँजो. फिडलवाला गजाच्या टाचेकडच्या भागाने तारांवर आपटतो. बँजोवाला रोल सोडून तारा चिमटीत धरल्यासारख्या एकदम छेडतो आणि लगेच मिटवतो. कोणी उचलला ते तुकड्यागणिक ओळखायचा नाद लावून घ्या.

चौसर
एक तांत्रिक शंका. गिटारवाला बी साठी चौथ्या पडद्यावर कॅपो (मानेवर तारा दाबून पट्टी चढवणारी पकड) लावतो. बँजोवालाही लावतो, पण आखूड पाचव्या तारेला कॅपो पोचतच नाही. तिचं काय करतात?

तंतकार
मानेवर पाचव्या तारेखाली बारीक आकडे ठोकलेले असतात, खेळण्यातल्या रेल्वेचे खिळे. कॅपो दुसऱ्या पडद्यावर असेल तर पाचवी तार सातव्या पडद्याच्या आकड्याखाली, चौथ्यावर असेल तर नवव्याच्या. आकड्याखाली तार ओढली जाते म्हणून स्वर थोडा चढतो, तेवढा खुंटीने उतरवून घ्यायचा. आकडे नसतील तर ए पर्यंत खुंटी पिळून जाता येतं. त्याच्या वर पिळू नका, तार तुटते, आणि ती डोळ्याच्या दिशेने येते.